भाडेकरूचा जबाब

स्वयंपाकघरात चमचा पडला, तो बैठकीत ऐकू आला.

"आत कोणी आहे?" साहेबांनी विचारलं. पोलिसाची टोपी मांडीवर घेऊन ते सोफ्याच्या कडेला बसले होते. नुकतंच म्हणाले होते, "तुमच्या भावाच्या बाबतीत आम्ही चुकलो."

दादा पोहायला शिकवायचा. तो कालव्यात सापडला तेव्हा ह्याच साहेबांनी 'दारू पिऊन बुडाला' म्हणून प्रकरण मिटवलं. पुढे त्याच कालव्यात आणखी दोघे सापडले, दादासारखेच, पुरुषांवर प्रेम करणारे. चौथा जिवंत निसटला, तेव्हा कुठे खुनी पकडला गेला. चौकशी समितीने पोलिसांना बजावलं, गेलेल्यांच्या घरी जा आणि चूक तोंडाने कबूल करा.

"आहे ना," मी म्हटलं. "ज्याच्यासमोर बोलायला हवं, तोच आत आहे."

आत शिट्टीमामा होता. हे नाव माझ्या लेकीने ठेवलेलं. तो न्हावी, कात्री चालवताना शिट्टी वाजवतो. दादाबरोबर राहायचा. लोकांना सांगायला दोघांनी मिळून एक शब्द शोधला होता: भाडेकरू. "आमचा भाडेकरू माझी बटणं लावतो आणि वर मलाच रागावतो," दादा हसायचा. पाहुणा आला की भाडेकरू चहाच्या निमित्ताने आत पळायचा. ती सवय अजून सुटली नव्हती.

दादा सापडला त्या दिवशी चौकीतही 'तुम्ही कोण?' विचारल्यावर, दादाचं नाव जपायला, त्याच्या तोंडून तोच शब्द गेला. दादा दारूला शिवत नव्हता, पोहण्याच्या तलावापासून एक माणूस त्याच्या मागे यायचा, हे सगळं सांगायला तो धावत गेला होता. "भाडेकरूचा जबाब कशाला?" म्हणत त्याला घरी पाठवलं.

"ए शिट्टीराजा, ये बाहेर," मी हाक मारली. "चहा पळून नाही जात."

तो ट्रे घेऊन आला. कप दोनच, साहेबांचा आणि माझा. मी उठून त्याला माझी खुर्ची दिली.

"हे कोण...?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान त्याच्याकडे वळवली. हे त्यानेच सांगायचं होतं.

त्याने दादाच्या फोटोकडे पाहिलं. "भाडेकरू बिडेकरू काही नव्हतो मी, साहेब. आम्ही जोडीदार होतो. ते घर आमचं दोघांचं होतं."

साहेब उभे राहिले. "तेव्हा खरं सांगितलं असतंत तरी..." त्यांनी टोपी सोफ्यावर ठेवली. "तरी मी ऐकलं नसतं. माफी मागायची ती तुमची."

"मग जबाब लिहून घ्या."

"आता? खटला तर संपला..."

"माझा कुठे घेतलात? बसा. तो दारू प्यायचा नाही. लिहा."

साहेबांनी खिशातून वही-पेन काढलं. शिट्टीमामा सावकाश बोलू लागला, साहेब लिहू लागले, चहावर साय धरली. इतका वेळ दाराआडून बघणारी माझी लेक हळूच येऊन त्याच्या मांडीवर चढली आणि माझ्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं कुजबुजली,

"आई, ह्या काकांना आपला शिट्टीमामा आवडत नव्हता का?"