काठोकाठ भरलेल्या टाकीतली मरळ

थांबा, थांबा! पलीकडच्या रंगीत माशांकडे पळू नका, ते काही कुठं जात नाहीत. मी मरळ बोलतेय! अंगानं काळपट, तोंडानं थेट सापासारखी. पण लातूरच्या या मत्स्यालयात खरी इथली म्हणाल तर मी एकटीच.

माझा जन्म मुरुडजवळच्या एका पाझर तलावातला. बेडूक मटकावत मी तिथं ऐटीत राहायचे. मग लागोपाठ दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली. तलावाचं डबकं झालं, डबक्याचा चिखल झाला आणि बाकीचे मासे एकेक करून गेले. मी मात्र चिखलात रुतून, तोंड वर काढून तग धरला. आम्ही मरळी तुमच्यासारखी वरची हवा घेतो ना! ती घेतल्याशिवाय आमचं भागतच नाही, मग भोवती कितीही पाणी असो.

त्या चिखलात एक दिवस सरजाबाईच्या हाताला मी लागले. ही भोयाची बाई; सारा जन्म त्याच तलावावर मासे धरण्यात गेलेला. आता ती तिथंच रोजगार हमीवर गाळ काढत होती.

"आगं बया, जित्ती हाय की!" ती ओरडली.

मला वाटलं, संपलं, आता कालवण! पण बाईचा हात काही उठेना. "तळ्यातली शेवटची हाय ही. हिला कसं कापू?" म्हणाली.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या जिल्ह्याला शोभेलसं काहीतरी करावं म्हणून काही हौशी अडत्यांनी रिकाम्या गोदामात मत्स्यालय थाटलं होतं, आणि इथला एखादा मासा मिळाला तर आणून द्या, असा गावोगाव निरोप होता. सरजाबाईनं मला घागरीत घातलं आणि एसटीनं थेट लातूर गाठलं.

काय सांगू तुम्हाला! दारातच गुरुपादप्पांनी घागर हातात घेतली. हे तुरीचे अडते. कपाळावर विभूती, घरात माशाचं नावसुद्धा निघत नाही, आणि मत्स्यालयाची देखभाल मात्र यांनीच हौसेनं अंगावर घेतलेली. घागर तिरकी करून ते मला एकेक टाकी दाखवत निघाले. सोनेरी मासे, मागं पदरासारख्या झुळझुळत्या शेपट्या! पुढं चपटे पट्टेरी मासे, सगळे एकदम वळायचे. कासव जेवून सुस्तावलेल्या व्याह्यासारखं पडलेलं. खेकड्यानं तर मला बघून नांगीच उगारली. एवढं पाणी, एवढे रंग! मी घागरीत गिरक्या घेत होते.

इतकी हरखले, की टाकीत सोडल्यावर त्याच संध्याकाळी उडी मारून बाहेर पडले. जन्मात माशाला हात न लावलेले गुरुपादप्पा "शिव शिव" म्हणत उपरणं घेऊन माझ्यामागं फरशीवर धावले! मला परत टाकीत घातलं आणि वर काचेचं झाकण ठेवून त्यावर पाच किलोचं वजन ठेवलं. झाकणाखाली वीतभर जागा होती, म्हणून माझी काही तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन. लोक दारात जमले तसं गुरुपादप्पांचं माझ्या टाकीकडं लक्ष गेलं.

"कोरड्या तळ्यातून आलेली पाहुणी, आन् तिला उणी टाकी? आमच्याकडं पाहुण्याला अर्धा तांब्या देत न्हाईत," ते म्हणाले. विहिरीचं पाणी आणून त्यांनी स्वतःच्या हातानं टाकी काठोकाठ भरली. झाकण पाण्याला टेकलं. वर वजन.

मासा पाण्यात गुदमरतो असं कधी ऐकलंय? मी वर गेले, काचेला तोंड आपटलं. परत गेले, परत काच. हवा नाहीच! मी जिवाच्या आकांतानं धडका मारू लागले, आणि बाहेर टाळ्या पडायला लागल्या.

"बघा, बघा! कशी नाचायलीय!"

गुरुपादप्पांच्या तोंडावर तर आनंद मावत नव्हता. माझं अंग ढिलं पडलं. मी कलंडले.

तेवढ्यात उद्घाटन बघायला मुक्कामी राहिलेली सरजाबाई रांग मोडून पुढं घुसली.

"नाचत न्हाई, मरायलीय ती! मरळ हाय मालक, तिला वारा लागतो. पाणी काढा!"

"येड लागलं का बाई? पाणी काढल्यावर मासा जगतो व्हय?"

ती वाद घालत बसली नाही. वजन ढकललं, झाकण उचललं, आणि कुणाच्या हातातला तांब्या हिसकून पाणी उपसू लागली. चार तांबे झाले. मी उरलासुरला जोर करून तोंड वर काढलं आणि घेतली हवा! आहाहा! अमृत अमृत म्हणतात, ते हेच असणार.

"माझ्या हातानंच हिचा जीव जात होता गं," गुरुपादप्पा म्हणाले आणि एवढ्या लोकांदेखत रडले. सरजाबाईनं त्यांची समजूत घातली, "मायेनंच केलं की तुम्ही. ठावं नव्हतं, एवढंच."

आता माझं छान चाललंय. गुरुपादप्पा रोज सकाळी येतात, झाकण जरा सरकवतात, आणि मी एकदा वर येऊन हवा घेतल्याचं बघितल्याशिवाय चहा घेत नाहीत. मीही मुद्दाम थोडी वाट बघायला लावते.

जिल्ह्यातली सगळ्यात उणी टाकी माझी, म्हणून लोक हळहळतात. हळहळू नका हो! कुणावर जीव लावाल तेव्हा भरभरून लावा, पण आधी विचारा, त्याला श्वास कुठनं मिळतो ते.

सरा जरा, काचेवरचा हात काढा. माझी वर जायची वेळ झाली. बघताय ना? ही घेतली!