शेवटचे दोन आकडे

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. आकाराने तुमच्या पाठ्यपुस्तकाहून लहान, पण बेचाळीस हजार माणसांची नावे मी अकरा वर्षे पोटात सांभाळली. ती सगळी एकदा माझ्याकडून हरवली. ती कशी सापडली हे आठवले, की मी अजून थक्क होते.

धुळीचा कण शोधूनही सापडणार नाही अशा खोलीत माझा जन्म झाला. माझ्या आत आरशासारख्या तबकड्या गरगरतात आणि लिहिणारी बारीक सुई त्यांना न टेकता त्यांच्यावर तरंगते. तिथून मी थेट एका रक्तपेढीत आले. नोंदणीच्या टेबलाखालच्या संगणकात मला बसवले आणि टेबलाशी काकू बसल्या. त्यांना सगळेच काकू म्हणत, त्यांच्याहून मोठ्या डॉक्टरबाईसुद्धा. रक्त द्यायला आलेल्या माणसाची माहिती काकू एका बोटाने टाइप करत आणि मी लिहून घेई. एखादा रक्तगट विचारला, की डोळ्याचे पाते लवायच्या आत मी यादी हजर करी.

"आमचं मशीन म्हणजे सोनं आहे सोनं!" डॉक्टरबाई पाहुण्यांना सांगत.

कौतुक होते, काळजी मात्र नव्हती. संगणकाच्या जाळीवर धूळ साचली. वीज गेल्यावर आधार देणारी बॅटरी केव्हाच मेली होती. रोज संध्याकाळी माझ्या नोंदींची प्रत दुसऱ्या डिस्कवर जाई, पडद्यावर हिरवी खूण उमटे आणि काकू निर्धास्तपणे पर्स उचलत. ती प्रत उघडून बघावी असे कोणाच्या मनातही आले नाही.

एका सकाळी मी लिहीत असतानाच वीज तीनदा गेली आणि आली. माझा शब्द अर्ध्यात तुटला. पडद्यावर आले, डेटाबेस उघडता येत नाही. धावपळ करून प्रती काढल्या, तर आठ महिन्यांच्या प्रती रिकाम्या! दुसरी डिस्क कधीच भरून गेली होती. हिरवी खूण एवढेच सांगत होती, की काम सुरू झाले. आणखी जुन्या प्रतीही धड उघडेनात.

त्याच दुपारी प्रसूती विभागातून फोन आला. एका बाईंचे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑपरेशन होते, ते पुढे ढकलता येणार नव्हते, आणि त्यांचा रक्तगट हजारोंत एखाद्याचा.

"काकू, या गटाचं कोण होतं आपल्याकडे?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"तिघं होते. दोघं परदेशी गेले. तिसऱ्या बाई गेल्या वर्षी आल्या होत्या, छान हसऱ्या... नाव काही केल्या आठवत नाही हो!" काकू म्हणाल्या.

तासाभरात एक बाई आली. बिघडलेल्या डिस्कमधून माहिती परत मिळवणे हेच तिचे काम. काकूंनी तिला लगेच ताई करून टाकले.

"दुरुस्तीचं बटण कोणी दाबलं का?" ताईने दारातूनच विचारले.

"नाही बाई, भीतीच वाटली."

"फार बरं केलंत. आता हिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाही. आधी हुबेहूब नक्कल, मग काय करायचं ते नकलेवर."

तिने मला अलगद बाहेर काढून आपल्या यंत्राला जोडले आणि नुसते वाचायला सुरुवात केली. अकरा वर्षांत मला असे पहिल्यापासून शेवटपर्यंत कोणी वाचले नव्हते. मी अडखळले, की ती हट्ट करत नसे. ती जागा सोडून पुढे जाई आणि मग शेवटाकडून, उलट्या दिशेने, पुन्हा तिथे येई. मला वाटत होते, माझ्यातले सगळे पुसले गेले. तसे नव्हतेच! फाटली होती ती अनुक्रमणिका. पाने जागेवर होती, कोणते पान कोणाचे एवढेच मला सांगता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नक्कल तयार झाली.

"काकू, नोंद कोणत्या क्रमाने भरता?"

"नाव, वय, काम, रक्तगट, फोन. अकरा वर्षांत यात फरक नाही."

ताईने त्या क्रमाचाच माग काढणारा छोटा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर एक नाव आले. मग दहा. मग पाऊस पडावा तशी नावे कोसळू लागली.

"अगंबाई, हे पोहायला शिकवणारे! सुई बघून आडवे झाले होते," काकू हसता हसता डोळे पुसू लागल्या.

दुपारी तो दुर्मिळ रक्तगट दिसला. पण माझी सुई नेमकी त्याच पानावर अडखळली होती. नाव गेलेले. काम, लिफ्ट दुरुस्ती. फोनचे शेवटचे दोन आकडे नाहीत.

काकूंनी खुर्ची पुढे ओढली.

"शंभरच तर नंबर होतात," त्या म्हणाल्या आणि रिसीव्हर उचलला.

"तुम्ही लिफ्ट दुरुस्त करता का?" त्या ज्याला त्याला विचारू लागल्या. कोणी खेकसले. एक आजोबा म्हणाले, "आमची चार दिवस बंद आहे, कधी येताय?" एकसष्टाव्या फोनला पलीकडून हसरा आवाज आला.

"हो, करते की. रक्तपेढीच्या काकू ना तुम्ही?"

काकूंना हुंदकाच फुटला. ताईने रिसीव्हर घेऊन सगळे सांगितले.

"हत्यारं आवरते आणि निघतेच," पलीकडची बाई म्हणाली.

ती आली, तिने रक्त दिले. त्या रात्री आई वाचली आणि मुलगीही.

आता माझ्या जागी नवी डिस्क आहे. दर सोमवारी काकू कालची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडतात आणि कोणाही एकाचे नाव शोधून बघतात. मी कपाटात असते. माझ्यावर ताईने चिठ्ठी चिकटवली आहे: वापरू नये, फेकूही नये.

मित्रांनो, एकशे बारा जणांची नावे मात्र ताईलाही सापडली नाहीत. त्यांनी रक्त दिले होते, ते कोणाला तरी चढलेही असेल. ते पुन्हा दारात आले, तर काकू त्यांना नवख्यासारखे नाव विचारतील. म्हणून विनवते, जपून ठेवले आहे असे तुम्हाला वाटते ते एकदा उघडून बघा. आजच बघा.