पाण्याचा हबका

तेवीस वर्षं मी श्रीधरभाऊच्या केटरिंगमध्ये लांब पोळ्या केल्या. उलट्या मडक्याखाली चूल पेटवायची, सैल कणीक कोपरापर्यंत झुलवायची आणि मडक्यावर पसरायची. लोक ताट हातात धरून माझे हात बघत उभे राहायचे. मग लोकांना पिझ्झा पाहिजे झाला. तीही पोळीच, पण तिच्यावर चीज पडलं की तिचा तोरा वाढतो.

श्रीधरभाऊनं बाहेर मांडायची गॅसची पिझ्झाभट्टी आणली. "प्रेमिलाताई, मडक्याचा काउंटर मी बंद करून राहिलो," तो म्हणाला. "लोकायले आता हेच लागते. हे जमलं तं तुमी राहा. नाई जमलं तं मी काय करू, सांगा." त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला.

आठ दिवस महाल भागातल्या त्याच्या गोडाऊनमागे शिकले. आधी गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं. मग बटण दाबून फिरवायचं आणि ज्योत धरेपर्यंत सोडायचं नाही. विझली तर पाच मिनिटं गॅस उडू द्यायचा, लगेच पेटवायला जायचं नाही. भट्टीचं तोंड वाऱ्याकडे नको. आतली दगडाची लादी अर्धा तास मोठ्या आचेवर तापवायची आणि पिझ्झा सरकवताना आच कमी करायची. पहिले चार मी कुत्र्यांना घातले, त्यांनी हुंगून सोडून दिले. आठव्या दिवशी श्रीधरभाऊनं दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा उचलला. घरी जाताना मी बसमध्ये एकटीच हसत होते. आशा फार बेशरम असते.

रविवारी वर्धा रोडच्या एका लॉनवर साक्षगंध होतं, दुपारचं जेवण. बाराला भट्टी पेटवली. हात ओले करायला तांब्या जवळ ठेवला, मडक्याशी ठेवायचे तसाच. पहिले दहा पिझ्झे असे उतरले, की नवरदेवाची मावशी दुसऱ्यांदा ताट घेऊन आली. मग स्टेजवर अंगठ्या घालायची वेळ झाली आणि सगळे तिकडे गेले. लादी निवायला नको म्हणून मी आच मोठीच ठेवली. अर्ध्या तासानं पाहुणे एकदमच परतले. आच कमी करून एक टाकला, तो खालून काळा. दुसराही काळा.

रांगेतली एक बाई म्हणाली, "काहून जाळून राहिली वं मावशी?"

मडकं जास्त तापलं की काय करायचं, हे मला डोक्याला विचारावं लागत नाही. डावा हात तांब्यात गेला आणि लादीवर पाण्याचा हबका बसला.

आवाज लहानच झाला, सुपारी फुटावी एवढा. वाफ गेली तेव्हा लादीचे दोन तुकडे झालेले दिसले.

श्रीधरभाऊ आला. तो ओरडला असता तर मी भांडले असते, भांडणात मी कोणाला ऐकत नाही. त्यानं वाकून बटण बंद केलं, सिलिंडर बंद केला आणि म्हणाला, "तुमी बसा ताई." तेवीस वर्षांत त्यानं मला काम चालू असताना बसा म्हटलं नव्हतं.

"दुसरी लादी बसवू ना गा," मी म्हटलं. "आता ध्यानात ठेवीन."

"लादी भेटते ताई. पण तुमचा हात काही ऐकत नाई."

माझ्या आयुष्याची सगळी कमाई तो हातच होता.

रांग पाणीपुरीकडे वळली. गरम भट्टी टेम्पोत चढवता येत नाही, म्हणून तिच्याशेजारी खुर्ची टाकून मी बसून राहिले. तास झाला तरी ती निवेना. पाणीही मारता येत नव्हतं. तांब्या अजून तिथेच होता, आणि मी उजव्या हातानं डावा हात मांडीवर दाबून धरला होता.