कोमट पाण्याची ओळ

त्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. बावीस वर्षं झाली. द्यायचं नाही असं काही ठरवलेलं नव्हतं. उद्या लिहू, जरा नीट सुचलं की लिहू, असं करता करता पत्र मोठ्या शब्दकोशाच्या दोन खंडांमध्ये गेलं आणि तिथेच राहिलं. तेव्हापासून एखादा शब्द अडला तर ते लहान कोशावरच भागवत.

छापखान्यात त्यांना सगळे कानामात्रा म्हणत. साप्ताहिकाची प्रुफं तपासणं हे त्यांचं काम. माणूस इतका बुजरा, की दुसऱ्याची चूक दाखवतानाही स्वतःच माफी मागायचा. अशा माणसाच्या गळ्यात संपादकांनी एक दिवस ‘काकूंची काटकसर’ हे सदर मारलं, कारण लिहिणाऱ्या बाई गाव सोडून गेल्या होत्या आणि रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. कानामात्रांना चहासुद्धा धड जमत नसे. पण घरी बायको होती. ती भांडी पुसता पुसता सांगायची, ते लिहून घ्यायचे. शिळ्या पावाच्या कडा वाळवून चुरा कसा करून ठेवायचा, मेणबत्त्यांच्या उरलेल्या बुडख्यांची नवी मेणबत्ती कशी ओतायची, विरलेल्या शर्टाची कॉलर उसवून उलटी कशी लावायची. अठरा वर्षं हे चाललं. काकू घराघरांत पोचल्या. काकू म्हणजे कोण, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं. छापलेलं सदर बायकोनं कधी वाचलं नाही. “मीच सांगितलेलं मीच काय वाचायचं?” असं म्हणून ती अंक फडताळात फळीवर अंथरायची.

गेल्या रविवारी मुलगी आली, ती माळ्यावरचा कात्रणांचा गठ्ठा खाली काढूनच बसली.

“आई, याचं पुस्तक करू या. तुझ्या नावानं.”

“माझ्या नावाचं पुस्तक कोण घेणार? रद्दीवाला?” असं म्हणत बायकोनं चष्मा लावला आणि एक कात्रण उचललं. हसतच मोठ्यानं वाचू लागली. “मोठ्या माणसाचा जुना स्वेटर आधी धुऊन सुकवावा. मग शिवणीपासून हलक्या हातानं उसवून...” ती थांबली. कात्रण उलटून पाहिलं. पुन्हा सुलटं केलं.

“अहो, कोमट पाण्याचं कुठे गेलं?”

खुर्चीत बसलेल्या कानामात्रांच्या हातात पुस्तक होतं. पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

“लोकर कोमट पाण्यातच धुवायची. उकळतं पाणी लागलं की आटून तिचा गोळा होतो. दोनदा सांगितलं होतं मी. तुम्ही मान डोलावली होतीत.”

“राहिलं असेल गं,” मुलगी म्हणाली. “आणि हे कुणाला माहीत नसतं?”

“ज्याला माहीत असतं, तो वाचतो कशाला?”

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांवर ढकलता आलं असतं. ते सगळे कधीच पांगले होते, कुणी तक्रार करायला येणार नव्हतं. पण कानामात्रांना ती संध्याकाळ स्पष्ट आठवत होती. ऐन वेळी शेगड्यांची जाहिरात आली होती आणि फोरमन दारातून ओरडत होता, “कानामात्रा, दोन ओळी उडवा, मशीन खोळंबलंय!” उडवण्यासारखी दोन वाक्यं होती. एक कोमट पाण्याचं. दुसरं शेवटचं, त्यांनी स्वतः रचलेलं : ‘जुन्या लोकरीत आपल्या माणसांची ऊब राहिलेली असते.’ इतक्या वर्षांत त्या सदरात त्यांचं स्वतःचं असं ते एकच वाक्य. लाल पेन्सिल पाण्यावरून फिरली.

ते उठले. शब्दकोशाचा खंड बाजूला करून त्यांनी पत्र काढलं आणि बायकोच्या हातात दिलं. मुलगी तिच्या खांद्यावरून वाचू लागली.

‘काकू, स्वेटर माझ्या आईचा होता. ती गेल्यावर तेवढाच मागून आणला. त्याचाच बाळाला विणावा म्हणून तुम्ही लिहिल्याप्रमाणे केलं. बाळासाठी म्हणून पाणी चांगलं उकळून घेतलं. स्वेटर आटून पुठ्ठ्यासारखा झाला, धागा सुटतच नाही. सासूबाई म्हणतात, माझ्या हाताला वळणच नाही. माझं कुठे चुकलं तेवढं कळवा. मग पुन्हा सुया हातात घ्यायच्या की नाही, ते ठरवीन.’

बायकोनं चष्मा काढला. कानामात्रा आरडाओरड्याची वाट पाहत उभे राहिले. तो झाला नाही.

“हे कधी आलं?”

“अंक निघाला त्याच महिन्यात.”

“आणि मला दाखवलं नाहीत.”

“तुला काय वाटेल... आणि काकू म्हणून मी काय लिहिणार होतो? मला तर यातलं काहीच...”

“तुम्हाला काही येत नाही, हे मला लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं हो. पण विचारायला काय झालं होतं?” तिनं पत्र मांडीवर ठेवून हातानं सपाट केलं. “आटलेली लोकर कापली तरी उसवत नाही. कापडासारखी कातरायची नि शिवायची. बाळाची टोपी झाली असती, बंडी झाली असती. त्याच आठवड्यात कळवलं असतं मी. टाकून दिला असेल हो बिचारीनं.”

हे त्यांना माहीत नव्हतं. स्वेटर गेलाच आहे, आता मागायची ती फक्त माफी, आणि माफी काय, उशिरानंही मागता येते, असं ते धरून चालले होते.

“पत्ता आहे ना?” मुलीनं विचारलं.

“आहे. पण ती अजून तिथे असेल का? ते बाळ...”

“बाळ आता दाढी करत असेल,” बायको म्हणाली. “लिहा तरी.”

“तू सांग. मी लिहून घेतो.”

“नाही. या वेळी तुमचं तुम्ही.”

तीन दिवस गेले. सुरुवात जमेना. कधी ती फार सुबक व्हायची, कधी लाचार. बुधवारी त्यांनी सगळे कागद बाजूला सारले आणि सरळ लिहिलं.

‘तुमचं काही चुकलं नव्हतं. पाणी कोमट हवं, ही ओळ मूळ मजकुरात होती. जागा कमी पडली म्हणून मी ती कापली आणि माझं एक बिनकामाचं वाक्य ठेवलं. काकू नावाच्या कुणी नव्हत्या. सगळं माझी पत्नी सांगत असे. तुमचं पत्र मी तिला दाखवलं नाही, हा माझा दुसरा अपराध. स्वेटर अजून असेल, तर तो कापून शिवता येतो.’ पुढे बाळाच्या टोपीची कृती.

त्यांनी कागद बायकोपुढे धरला. तिनं सावकाश वाचला.

“टोपी काढा. आता कुणाला घालणार?”

“मग काय लिहू?”

तिनं थोडा विचार केला. “टाचण्या-सुया खोचायची उशी लिहा. ती एवढ्याशा तुकड्यातही होते. एखादा तुकडा राहिलाच असेल तर.”

त्यांनी टोपी खोडली, उशी लिहिली. खाली आपलं नाव घातलं आणि त्याच्या शेजारी तिचं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत दोघं बरोबर गेली. पाकीट फटीत अर्धं सरकवून त्यांनी ते परत ओढलं आणि डोळ्यांजवळ धरून पत्त्यावरून अक्षर न् अक्षर नजर फिरवली.

“आता काय तपासताय?”

“काही नाही,” ते म्हणाले आणि पाकीट सोडलं.

पेटी रिकामी असावी. ते तळाशी आपटल्याचा आवाज बाहेर ऐकू आला. बायको भाजीच्या दुकानाकडे चालू लागली होती. कानामात्रा हात फटीशीच ठेवून आणखी थोडा वेळ उभे राहिले.