चेपलेल्या डब्यातल्या तारल्या

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. पत्र्याचा, बसका आणि एका कोपऱ्यात चेपलेला. आज माझ्या पोटात खिळे आहेत. एके काळी तिथे तारल्या होत्या, त्या लहान रुपेरी मासळ्या, आणि मी एका घरचं जेवण होणार होतो.

माझा जन्म कारखान्यातला. यंत्राने पत्रा दाबला आणि मला आकार आला. सरकत्या पट्ट्यावरून मी बायकांच्या रांगेपुढे येऊन थांबलो. डोकी काढलेल्या तारल्या त्या बायका हातानेच भरत. एकीची शेपटी दुसरीच्या मानेशी, म्हणजे इंचभरही जागा वाया जायला नको. मला भरलं ते चिंगी नावाच्या एका छोट्या मुलीच्या आईने. पाण्यात राहून तिची बोटं सुरकुतली होती. पण झोपलेल्या बाळांवर पांघरूण घालावं, इतक्या हळुवारपणे ती एकेक मासळी ठेवत होती. मग वरून तेल आलं, झाकण घट्ट बसलं आणि वाफेच्या भट्टीत आम्ही शिजलो. असे शिजलो, की माशांची हाडंसुद्धा मऊ झाली.

बाहेर येताना मी खोक्याच्या कडेवर आपटलो आणि हा कोपरा चेपला. चेपलेले डबे दुकानात जात नसत. ते कामाच्या बायकांनी घरी न्यावेत, अशी तिथली रीत होती. चिंगीच्या आईने मला पिशवीत टाकलं तेव्हा मला वाटलं, चला, आपलं नशीब उघडलं!

कसलं उघडतंय! घरी नेऊन तिने मला वरच्या फळीवर ठेवलं, तो मी तिथेच.

चिंगीचे बाबा सुतार. एकदा त्यांनी मला हातात घेऊन विचारलं, "अगं, हा डबा काय शोभेला आणलास? करून बघ की एकदा."

"नको रे बाबा! दिवसभर तारल्यांचीच तोंडं बघते मी."

"तोंडं कुठली? डोकी तर तुम्ही आधीच उडवता!"

ती खळखळून हसली. हसता हसताही तिचं हाताला लिंबू चोळणं चालूच होतं. माशांचा आणि तेलाचा वास जाता जात नसे, आणि तिला त्याची लाज वाटे. चिंगीला मात्र त्याचं काहीच नव्हतं. आईचा तळवा गालाखाली ओढून घेतल्याशिवाय त्या पोरीचा डोळा लागत नसे.

मग चिंगीच्या आईला ताप आला. तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही.

त्या दिवसापासून चिंगी जेवेना. घास गालात धरून बसायची आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून थुंकून टाकायची. तिची मनगटं काडीसारखी झाली. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर बाबांना म्हणाल्या, "असंच चाललं तर हिला भरती करावं लागेल हं. साधं, घरचं, पौष्टिक काहीतरी पोटात जाऊ द्या. डब्यातल्या तारल्या दिल्या तरी चालतील, हाडांसकट."

भरती म्हणजे त्याच मोठ्या दवाखान्यात. बाबा केंद्रातून घरी आले ते थेट माझ्या फळीपाशी.

त्यांनी आजवर चहाखेरीज काही केलं नव्हतं. त्यांनी बटाटे उकडले. कांदा बारीक चिरला. टोमॅटोचे चौकोन पाडले, एकसारखे. चिंगीची आत्या मदतीला येऊन राहिली होती. ती दारातून म्हणाली, "दादा, टोमॅटो कापतोयस की खिडकी बसवतोयस?"

"गप गं. सगळं सारखं असलं की पोरगी आवडीने खाईल."

इतक्या दिवसांनी त्या स्वयंपाकघरात कुणीतरी थट्टा करत होतं. बाबांनी माझी कडी ओढली. मित्रांनो, मी आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली, तो हाच.

वास घरभर पसरला, आणि आतल्या खोलीतून चिंगी धावत आली.

"आई!"

तिने बाबांच्या मागे पाहिलं. दाराआड पाहिलं. मोरीत डोकावून आली. मग हळूहळू माझ्यापाशी आली आणि नाक खुपसून उभी राहिली.

"बाबा, ह्यात आईचा हात आहे."

बाबा चमचा ठेवून तिच्याजवळ बसले. "हो राणी. आईनेच भरलाय. एक घास घे बघू, बटाट्याबरोबर."

"नाही! खाल्लं तर संपेल."

तिने मला छातीशी धरलं. फ्रॉकवर तेल सांडलं. बाबा समजावू गेले, तर ती अंगाचं मुटकुळं करून माझ्यावर पडली. त्यांना माझ्यावर हात घालवेना. बटाटे निवून गेले. "राहू दे आजच्या दिवस," आत्या म्हणाली. चिंगी मला उशाशी घेऊन उपाशीच झोपली.

उघडे मासे किती टिकणार? दुसऱ्या दिवशी दुपारी घरात उभं राहवेना. चिंगीला झोप लागली होती, तेव्हा आत्याने मला उचललं. तिच्या मनात पाप नव्हतं. तारल्या तिने लांब नेऊन टाकल्या. मला साबणाने घासलं, कढत पाण्याने धुतलं, पुसून चकचकीत केलं आणि पोरीचा माझ्यावर जीव आहे म्हणून परत उशाशी आणून ठेवलं.

चिंगी जागी झाली. तिने माझ्यात नाक घातलं. मला उलटं केलं. पुन्हा हुंगलं.

"आत्या, आई कुठे टाकलीस?"

आत्याने तिला जवळ ओढलं. चिंगी रडलीही नाही. तिने मला जमिनीवर ठेवलं आणि पुन्हा कधी हात लावला नाही. बाबांनी मला खिळ्यांसाठी कामाच्या फळकुटावर घेतलं.

आता चिंगी जेवते. वाढलेलं सगळं खाते, पान पुसून टाकते; आवडलं म्हणत नाही, नको म्हणत नाही. शाळेत हजेरी द्यावी तशी जेवते. सिस्टरनी वजन केलं आणि बाबांची पाठ थोपटली. भरती टळली. बाबा खूश आहेत. मी रोज समोरून जे बघतो, ते त्यांना दिसत नाही, आणि दिसलं तरी ते काय करणार?

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी एखादी नासकी, निरुपयोगी वस्तू उराशी धरून बसलं, तर ती टाकावी लागेलच. तिला किडे पडतात, तिच्यामुळे रोग होतात, सगळं खरं. पण ते माणूस झोपलेलं असताना टाकू नका. आधी त्याच्याजवळ बसा. वास सहन करा. मग त्याच्या हाताला हात लावून, दोघं मिळून टाका.