न कुजणारी चिंधी

लोवेनाने वाकडी सुरी गाठीखाली घातली आणि झटका दिला. गुलाबी रिबीन चिखलात पडली. तिने ती उचलून पोत्यात कोंबली आणि पुढच्या फांदीकडे वळली.

बेल्टेन दोन दिवसांवर आलं होतं. मेच्या त्या सणाआधी झऱ्यावरचं काटेरी झाड मोकळं करायचं, हा तिचा सतरा वर्षांचा नेम. रीत साधी होती. आजारी माणसाच्या अंगावरच्या कपड्याची चिंधी फाडायची, झऱ्यात भिजवायची, फांदीला बांधायची. चिंधी कुजत जाते तसा आजारही जातो. त्यासाठी सूत हवं, नाहीतर लोकर. पण सुट्टीच्या दिवशी मोटारी घेऊन येणाऱ्या शहरी चेटकिणींना एवढी अक्कल कुठली? मखमली झगे घालायचे, फोटो काढायचे आणि झाडाला प्लास्टिकचा फास लावून निघून जायचं. देवीचा गळा आवळायचा आणि आशीर्वादही तिच्याचकडे मागायचा!

लोवेना स्वतः चेटकीण होती, आणि हे सांगताना तिचा आवाज कधी खाली येत नसे. चंद्र बघून ती वाफ्यात बी टाकायची, चुलीपाशी देवीला रोज दूध ठेवायची आणि पोटासाठी आसपासच्या गोठ्यांतल्या गाईंचे खूर तासायची. हातातली सुरी त्याच कामातली.

पुढच्या फांदीवर निळी चिंधी होती. तीही नायलॉनची, बाईने घरात घालायच्या झग्याची. गवताचे गठ्ठे बांधायच्या दोरीने ती अशी करकचून आवळली होती की साल फुटायला आली होती. लोवेनाने सुरी लावली.

"त्याला हात लावू नकोस, पोरी."

फाटकाशी डेन्झिल हॉस्किंग उभा होता. वरच्या गोठ्याचा मालक, सत्तरी उलटलेला, दर रविवारी चॅपेलातल्या प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसणारा. खूर तासायला लोवेना गेली की दर वेळी तो सगळ्यांदेखत विचारायचा, "झाडू कुठं उभा केलास?"

"तुमची आहे ही?" तिने विचारलं.

"माबिनची."

माबिन त्याची बायको. दोन वर्षं झाली, तिला विसर पडत चालला होता. मागच्या महिन्यात तिने लोवेनाला तासाभरात तीनदा चहा दिला होता, आणि लोवेनाने तिन्ही वेळा प्यायला होता.

"चॅपेलवाल्यांना कळलं तर?"

"तू सांगणारेस?"

"मी खुरांचं काम करते. चहाड्यांचं नाही." तिने सुरीच्या टोकाने चिंधी दाखवली. "पण तुम्ही चुकलात, डेन्झिल. हे नायलॉन आहे. तुम्ही-मी मातीत जाऊ, तरी हे असंच राहील. कुजलंच नाही तर आजार जाणार कसा? घरी जा, तिचा सुती रुमाल आणा. मी स्वतः बांधून देते, हसणार नाही."

"सुती बांधला होता."

"कधी?"

"सप्टेंबरात. तिच्या ॲप्रनचा तुकडा. तू पोस्टातल्या बाईला रीत सांगत होतीस, ते मागं उभा राहून ऐकलं होतं मी." त्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली. "रोज येऊन बघायचो. कुजत गेला. जानेवारीत गळून पडला. त्याच आठवड्यात ती मुलाचं नाव विसरली."

झऱ्याचं पाणी दगडांवरून वाहत होतं. वरून एक गाय हंबरली. त्याने तिकडे पाहिलं नाही.

"आता माझं नाव तेवढं राहिलंय," डेन्झिल म्हणाला. "सकाळी उठली की हाक मारते. हे कुजायला नकोय मला. म्हणून दुकानात जाऊन, बघून-सवरून नायलॉनचा झगा आणला. महिनाभर घातलान तिनं. मग फाडला."

लोवेनाने सुरी पट्ट्यात खोवली. हातमोजा दातांनी ओढून काढला आणि नखांनी गाठ सोडवायला घेतली. थंडीने दोरी कडक झाली होती, वेळ लागला.

"ही धरा."

त्याने चिंधी मुठीत घेतली. फांदीवर खोल वळ उठला होता. लोवेनाने त्यावर ओली माती चोळली, चिंधी परत मागून घेतली, वळापासून वीतभर वर ठेवली आणि तीच दोरी तिच्याभोवती फिरवली.

"फांदी दर वर्षी जाड होते," ती म्हणाली. "दोरी सैल ठेवावी लागेल. किती वर्षांची जागा ठेवू?"

डेन्झिलने आपला जाडजूड अंगठा दोरीखाली सरकवला. थोडं थांबून शेजारचं बोटही घातलं.

लोवेनाने दोन्ही बोटांवरून गाठ मारली आणि तो बोटं काढून घेईपर्यंत तशीच उभी राहिली.