सरकीवरची चॅम्पियनशिप

पत्त्यांत उकंडाला हरवणारा माणूस वणीत नव्हता, हे त्याच्यावर जळणारेही कबूल करत. पण पत्त्यांनी काय चूल पेटते? कापसाचा बाजार पडला, जिनिंगला कुलूप लागलं, आणि उकंडासकट सात गडी दोन वर्षांपासून घरी बसले होते.

कोळशाचे ट्रक चालवणाऱ्या बाबूसिंगला वजनकाट्यावर एकच माणूस हवा होता, दारात उभे सात. पोळ्याला पत्त्यांची बैठक तर बसणारच होती. तो म्हणाला, "तीन पत्तीची चॅम्पियनशिप घेऊ. ज्याले पत्ते ध्यानात राह्यतात, त्याले ट्रकही राह्यतीन." पैसा नाही, डाव सरकीवर.

संध्याकाळी उकंडापुढं सरकीचा ढीग होता. नोकरी खिशात पडली असंच त्याला वाटलं. पण बाबूसिंगनं मान हलवली. "एका दिवसाचं नशीब कामाचं नाही. अमेरिकेत पत्त्यायची चॅम्पियनशिप झाली त पहिल्या खेपेले खेळणाऱ्यायनंच मतं देऊन चॅम्पियन निवडला, टीव्हीवर सांगत होते. एकेकानं आत या, नाव सांगा."

सगळ्यांनी आपापलंच नाव सांगितलं. बाबूसिंग हसून म्हणाला, "आता सोताले सोडून सांगा."

खरं तर त्या सातांत उकंडानंतर नंबर पंजाबरावचा. पण त्याचं नाव घेऊन त्यालाच पुढं कायले काढायचं? नेमसिंग गरीब गाय. चांगलं पान आलं की त्याचे कान लाल होत, सगळी बैठक हसे. मत वायाच घालवायचं तर त्याच्या पदरात टाकावं. उकंडा नेमसिंगचं नाव सांगून आला आणि आपल्या हुशारीवर खूश होऊन बसला. आपलं नाव बाकीचे घेतीलच की.

"उकंडा, एक मत," बाबूसिंग म्हणाला. "नेमसिंग, सहा."

कुणी कुणाकडं पाहिलं नाही. अक्कल सगळ्यांनी एकाच दुकानातून आणली होती. बाबूसिंग शब्दाचा पक्का, नोकरी नेमसिंगची झाली.

नेमसिंग बावरून जवळ आला. "उकंडाभाऊ, मी त तुमचंच नाव सांगतलं."

उकंडाला तिथंच रडू फुटलं असतं. तो चपला घालून निघाला.

घरी बायकोनं, कांताबाईनं, त्याचा कामावरचा जुना सदरा धुऊन वाळत घातला होता.

"कोन जितलं?"

"नेमसिंग."

"त्याले त पान धरता येत नाही. कोनं मत देल्लं त्याले?"

"म्या," उकंडा म्हणाला.